दुपारची वीज, रात्रीचं बंदर

न्हावा शेवाच्या धक्क्यावरून समोर घारापुरीचं बेट दिसतं. १९८९ साली बंदर सुरू झालं आणि इकडे क्रेनचे दिवे रात्रभर लखलखू लागले. पलीकडे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या गावांत संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर धडधडायचा. तो थांबला की अंधार. फेब्रुवारी २०१८ मध्ये महावितरणने समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली, तेव्हा तिथे दिवसरात्र वीज आली. खर्च २५ कोटींच्या घरात.

एवढ्या पैशांत बेटावर सौर पॅनेल बसली नसती का? बसली असती. पण कोकणात आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेवढे दिवस गावं चालवायची तर बॅटऱ्यांचा डोंगर हवा, आणि उरलेलं वर्षभर तो जवळजवळ वापराविनाच पडून राहणार. वीज नियोजनाचं खरं कोडं हेच: किती मेगावॅट यापेक्षा कोणत्या वेळी?

बंदराला तर रात्र नसतेच. गोठवलेली कोळंबी घेऊन आलेला रीफर कंटेनर उतरला की आधी त्याचा जाडजूड प्लग खांबावरच्या सॉकेटमध्ये बसतो. पंखा घोंघावू लागतो. आत उणे १८ अंश टिकवायचे, मग बाहेर पहाटेचे तीन वाजलेले असोत. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरात ५० विजेचे अवजड ट्रक दाखल झाले. त्यांच्या बॅटऱ्या बदलता येतात.

सूर्य मावळल्यावर ही मागणी कोण भागवणार? जवळच बोकडविऱ्याला महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं वायू विद्युत केंद्र आहे. गॅस टर्बाइन चटकन सुरू होतं, संध्याकाळच्या चढत्या मागणीला अगदी सोयीचं. अडचण इतकीच, की त्याला पुरेसा गॅस मिळत नाही.

दुसरं उत्तर सह्याद्रीत आहे. रायगडमधल्याच भिऱ्याला मुळशीच्या पाण्यावर वीज होते. (मुळशीच्या शेतकऱ्यांनी याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता, हे विजेच्या हिशेबात सहसा धरलं जात नाही.) भिऱ्यातला १५० मेगावॅटचा संच उलटाही चालतो. वीज स्वस्त असताना खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की सोडायचं. असल्या पद्धतीत शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. तरीही दुपारची फुकट जाणारी सौरवीज राखायला हा सौदा परवडतो. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरी (१,००० मेगावॅट) आणि शिरवता (१,८०० मेगावॅट) इथल्या अशाच प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला.

डोंगरातली कामं वर्षानुवर्षं चालतात. बंदराला मात्र एक छोटा उपाय आजच करता येईल. अदलाबदलीच्या जादा बॅटऱ्या दुपारी बारा ते तीनच्या उन्हात भरून ठेवायच्या, आणि संध्याकाळी सातला, घराघरांत दिवे लागत असताना, त्या ट्रकांत चढवायच्या.