हात बांधलेली संगणकभाषा

आपण मोबाइलवर पाहतो ते छायाचित्र मुळात दाबून लहान केलेल्या अंकांच्या रूपात साठवलेले असते. ते उलगडणारी आज्ञावली पुष्कळदा ‘सी’ या भाषेत लिहिलेली असते. ती संगणकाच्या स्मृतीत थोडी जागा राखून ठेवते व तेथे अंक भरत जाते. अडचण इथेच येते.

समजा, वर्गात ४० बाके आहेत आणि आपण सांगितले, “एक्केचाळिसाव्या बाकावर ही वही ठेव.” मुलगा म्हणेल, “बाई, असं बाकच नाही!” ‘सी’ तसे म्हणत नाही. तिच्या लेखी वर्गांना भिंती नसतात. शेजारच्या वर्गातील पहिल्या बाकावर वही ठेवून ती मोकळी होते. ‘यापुढे कोणते काम करायचे’ ही नोंद नेमकी त्या बाकावर असली, तर ती पुसली जाते आणि चित्र पाठवणाऱ्याची आज्ञा तिथे बसू शकते.

हे काल्पनिक नव्हे. घातक चित्रे पाठवून आयफोनवर ‘पेगासस’ ही हेरगिरीची आज्ञावली बसवली गेल्याचे टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने सप्टेंबर २०२३ मध्ये उघड केले. फोनच्या मालकाला एकही बटण दाबावे लागले नव्हते. त्याच महिन्यात, क्रोममध्ये ‘वेबपी’ चित्रे उलगडणाऱ्या भागातील चूकही दुरुस्त करावी लागली. मुद्दाम वेडेवाकडे रचलेले अंक दिले, की तो भाग राखलेल्या जागेबाहेर लिहीत असे.

असली चूक कसलेल्या माणसाकडूनही होते. म्हणून गूगलमध्ये केवळ अशा फायली उलगडण्यासाठी ‘वफ्स’ नावाची भाषा तयार झाली. बाकाचा क्रमांक ४० च्या पुढे कधीच जाणार नाही, हे सिद्ध झाल्याशिवाय ती आज्ञावली स्वीकारतच नाही. ही तपासणी आधीच उरकते, त्यामुळे चालताना वेग घटत नाही. आणि मला अधिक आवडणारी गोष्ट अशी, की या भाषेत फाइल उघडण्याचा किंवा इंटरनेटवर काही पाठवण्याचा शब्दच नाही! पुढे क्रोममधील ‘जिफ’ चित्रांचे काम वफ्सकडे सोपवण्यात आले.

अर्थात लिहिणाऱ्याचा घाम निघतो; सिद्धतेच्या पायऱ्या त्यालाच मांडाव्या लागतात. शिवाय हिरव्याच्या जागी निळा रंग भरला, तर वफ्स ती चूक पकडत नाही. चित्र तेवढे चुकीचे दिसते.