पाचूसकट कागद कापायचा!

जयपूरच्या जोहरी बाजारातून 'गोपालजी का रास्ता' या गल्लीत शिरलं, की रत्नांचे व्यापारी खिशातून घडीच्या कागदाच्या पुड्या काढताना दिसतात. पुडी उलगडायची, पाचू उजेडात धरून रंग नि डाग पाहायचे, पसंत ते बाजूला, बाकीचे परत पुडीत. त्याच शहरातल्या एका मराठी वाचक भगिनीने विचारलंय, "इथे एका ब्युटी क्लिनिकची 'एक्सोसोम फेशियल'ची जाहिरात पाहिली. हे एक्सोसोम म्हणजे काय?" ताई, तीही पुडीच. पण ती बांधली कशी जाते, ही गोष्ट फेशियलपेक्षा रंगतदार आहे. म्हणून आधी ती.

पेशीच्या बाह्य पटलावरचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे निरोप नि माल टिपणारी प्रथिनं, पटलाच्या तुकड्यासकट सतत आत ओढले जातात आणि एन्डोसोम नावाच्या पिशवीत पोचतात. तिथे निवड होते. कामाचे असतील ते परत पृष्ठभागावर, नकोसे लायसोसोमकडे, चुरा व्हायला. नकोशांवर युबिक्विटिनची चिठ्ठी लागते. हे स्वतःच ७६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. (डबेवाल्यांच्या डब्यांवरच्या खुणा आठवल्या ना? ती उपमा वापरून वापरून झिजलीय. आज जयपूरच.)

अडचण पुढे आहे. पाचू पुडीत नुसता ठेवलेला असतो; रिसेप्टर मात्र कागदातच जडवलेला. त्याचं एक टोक पिशवीच्या आत, दुसरं बाहेर पेशीद्रवात. पिशवी तशीच लायसोसोमला मिळाली, तर तिथली विकरं आतलं टोक खातील. बाहेरचं टोक मात्र 'वाढा, विभागा' असे हुकूम सोडू शकेल. वाढीच्या रिसेप्टरच्या बाबतीत ही चैन परवडणारी नाही. मग पेशी काय करते? पाचूसकट कागदच कापते! पिशवीचं पटल आतल्या बाजूला फुगतं, मान कापली जाते, नि फुगा पिशवीत पडतो. असे फुगे भरले, की सूक्ष्मदर्शकाखाली ती पिशवी सोललेल्या डाळिंबासारखी दिसते.

ही मान कापणं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. पृष्ठभागावरून आत येणाऱ्या पुडीच्या मानेला डायनामिन हे प्रथिन बाहेरून फास घालतं, पोत्याचं तोंड आवळावं तसं. इथे दिशा उलटी, म्हणजे पोत्याच्या तोंडातच उभं राहून ते आवळायचं. हे साधणाऱ्या प्रथिनांचे संच स्कॉट एम्र यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमध्ये शोधले. पहिल्याची ओळख २००१ साली पटली. नाव एस्कॉर्ट, इंग्रजीत लिहिताना मधला 'ओ' गाळतात, शास्त्रज्ञांच्या विनोदबुद्धीची झेप तेवढीच. त्यातला शेवटचा संच मानेच्या आत मळसूत्रासारखा गुंडाळला जातो, आणि व्हीपीएस४ हे प्रथिन एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून तो सोडवतं. एचआयव्हीचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना हीच यंत्रणा पळवतो, कारण त्याचीही पुडी त्याच दिशेला फुगते.

पटल कापण्याची कला आपल्याकडे पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत, थॉमस पुकाडयिल यांच्या गटाने काचेवर उतरवली आहे. काचेवर पटलाच्या बारीक नळ्या ताणायच्या, प्रथिन सोडायचं, आणि नळी तुटताना प्रत्यक्ष पाहायची. रिसेप्टर परत पाठवण्याच्या वाटेवरचं ईएचडी१ हे प्रथिन अशा नळ्या कापतं, हे या गटाने २०१८ साली दाखवलं.

आता तुमचा प्रश्न, ताई. डाळिंब दरवेळी लायसोसोमकडेच जातं असं नाही. कधी ते पेशीच्या पृष्ठभागाला जाऊन मिळतं आणि दाणे बाहेर सांडतात. ते एक्सोसोम. पेशी त्यांतून एकमेकींना निरोप पाठवतात असं दिसतं आणि संशोधन जोरात आहे. बाटलीतल्या मालाची गोष्ट वेगळी. मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये दिला होता. जाहिरातीत 'नोबेलविजेतं विज्ञान' दिसलं, तर २०१३चं नोबेल पेशीतल्या पुड्यांच्या वाहतुकीसाठी होतं, एक्सोसोमसाठी नव्हे, हे लक्षात असू द्या.

एक्सोसोमवाल्यांनी खरं तर नाव घ्यायला हवं ते रोझ जॉनस्टोन यांचं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्या मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी अभ्यासत होत्या. या पेशी ट्रान्सफेरिन रिसेप्टरने लोह आत घेतात. हिमोग्लोबिन भरलं, की रिसेप्टर नाहीसे होतात. जातात कुठे? १९८३ साली उत्तर मिळालं : पुड्यांत बांधून बाहेर टाकले जातात. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांच्या गटाला उंदराच्या पेशींत तेच दिसलं. 'एक्सोसोम' हे नाव जॉनस्टोन यांनी १९८७ साली वापरलं, तरी पुढची कित्येक वर्षं बहुतेकांच्या लेखी हा पेशीचा कचराच होता. त्या २००९ साली गेल्या, बाजार तापण्याआधीच.

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, आणि वयात येताना आपले रिसेप्टर अशाच पुड्यांत बांधून रक्तात सोडतात. अपॉइंटमेंट न घेता.