पहिले चोवीस तास

कळा सुरू झालेली बाई उपजिल्हा रुग्णालयात दाखल झाली, की सिस्टर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड उघडतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही आणि एचबीएसएजी. त्या रात्री शेवटच्या रकान्यात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं होतं, म्हणजे आईला हिपॅटायटिस बी आहे.

तिला त्रास काहीच नव्हता. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गपचूप राहतो आणि बाळंतपणात आईच्या रक्तातून बाळाकडे जातो. मोठेपणी लागण झाली तर १०० पैकी साधारण ९५ जणांच्या शरीरातून तो निघून जातो. जन्मताच लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांत मात्र तो कायमचा राहतो. सिरोसिस आणि यकृताच्या कर्करोगाची वाट तिथूनच सुरू होते. रक्तात विषाणू फार आढळल्यामुळे तिला २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिरची गोळी सुरू होती.

बाळ जन्मलं, रडलं. सिस्टरनी त्याच्या मांड्यांवरचं रक्त नीट पुसलं. सुईबरोबर आईचं रक्त आत जायला नको. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली. ती गोठली तर निकामी होते. एका मांडीत अर्धा मिलिलिटर लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. लसीमुळे बाळाचं शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं, पण त्याला वेळ लागतो. तोवर इम्युनोग्लोब्युलिनमधली तयार प्रतिपिंडं खिंड लढवतात. ते १२ तासांत द्यायचं आणि लस २४ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली.

“सिस्टर, अंगावर पाजू ना?” आईनं हळूच विचारलं.

“बिनधास्त पाजा. दुधातून हा आजार होत नाही. भेगा पडून रक्त आलं तर मात्र आम्हाला सांगा. आणि मालकांची, मोठ्या मुलीची तपासणी करून घ्या.”

शेजारच्या खाटेवरच्या आईचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. तिच्या बाळालाही लस मिळाली. तपासणी राहून जाते, कधी गरोदरपणातच नंतर लागण होते. म्हणून जन्मावेळचा डोस प्रत्येक बाळाचा. पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंटमधून. पॉझिटिव्ह आईच्या बाळाचं रक्त नऊ महिन्यांनंतर तपासायचं, तेव्हा कळतं आपण जिंकलो की नाही.

२०११पासून ही लस देशभरच्या लसीकरणात मोफत आहे. २०१८मध्ये व्हायरल हिपॅटायटिससाठी राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. तरीही रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी जन्मलेलं बाळ मागे राहू शकतं, कारण दहा डोसची बाटली एकासाठी उघडायला हात धजत नाही. खरं तर नीट थंड ठेवलेली उघडी बाटली नियमानुसार चार आठवडे वापरता येते. शिवाय काही डोस वाया गेलेच, तरी ते नवे आणता येतात. त्या बाळाचे हुकलेले चोवीस तास कुठूनही आणता येत नाहीत. म्हणून बाटली एका बाळासाठीही उघडलीच पाहिजे, रात्री दोन वाजतासुद्धा.