नीरा, ताडी आणि बटाट्यातलं प्रथिन

पेशी अन्नापासून ऊर्जा ‘तयार करते’ असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर ऊर्जा अन्नात असतेच. पेशी तिचं रूप बदलते. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, क्रियापदावर अडून बसायची सवय काही जात नाही!

उदाहरण आपल्या वसई-विरारकडचंच घेऊ. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, ऊन चढलं की तिची ताडी होते. मडक्यात यीस्टच्या पेशी साखर फोडत असतात. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे 6 अणू; त्याचे तीन-तीनचे दोन तुकडे होतात. यातून एटीपीचे निव्वळ 2 रेणू मिळतात. स्नायू आखडणं असो की प्रथिन बांधणं, पेशीतली बहुतेक कामं या एटीपीवर चालतात. पुढे त्या तुकड्यांचं अल्कोहोल होतं आणि फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. म्हणजे बरीचशी ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच पडून राहते. स्पिरिट पेटतं ते उगाच नाही.

आता तीच नीरा आपण प्यायलो. पहिली पायरी अगदी तीच, मिळकतही तीच, 2. पण आपल्या पेशीत ते तुकडे पुढे मायटोकॉन्ड्रियात जातात. तिथे त्यांचे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात. त्या प्रवासात हायड्रोजनचे आयन पडद्यापलीकडे ढकलले जातात. परत येताना ते एक फिरतं प्रथिन फिरवतात आणि एटीपी बनतो. एकूण सुमारे 30! श्वास घ्यायचा तो मुख्यतः यासाठी. एटीपीचा साठा काही सेकंदांपुरताच असतो, म्हणून ऑक्सिजन तुटला की मेंदूला काही मिनिटांतच इजा होते.

या साखळीतलं एक प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांत ते माहीत होतं, वनस्पतींत? कमला सोहोनींनी केंब्रिजला बटाट्यावर काम करताना ते वनस्पतींतही दाखवलं आणि 1939 मध्ये डॉक्टरेट मिळवली. याच बाईंना त्याआधी बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता, मग अटी घालून दिला. बटाटा आणि आपण एकाच साखळीवर जगतो, हे आम्हाला पुष्कळ ग्रंथांपेक्षा मोठं वाटतं.

पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं, त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सायटोक्रोमच्या गाभ्यात लोह असतं, हे इथे लक्षात घ्या. आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्यात कुपोषणाचा प्रश्न आहे. नुसत्या भाताने पोट भरतं, साखर पेशीपर्यंत पोचतेही. पण लोह फार कमी पडलं तर ती साखळीच लंगडी होते.