विमानात बसण्याआधीची डॉक्टरी परवानगी

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, आणि अमेरिकेतल्या मुलीकडे जायचं तिकीट तर आधीच काढून ठेवलेलं. अशा वेळी घरातलं कुणीतरी फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणतं: पेशंट विमानप्रवासासाठी फिट आहे. मग सगळे निर्धास्त होतात. पण ती चिठ्ठी म्हणजे परवानगी नव्हे. आजारी माणसाला विमानात घ्यायचं की नाही, हे विमान कंपनीचा वैद्यकीय विभाग ठरवतो. तिथल्या डॉक्टरांनी तुमच्या पेशंटला कधी पाहिलेलंही नसतं. समोरच्या कागदावर जे असेल तेवढ्यावरच त्यांना निर्णय द्यायचा असतो, त्यामुळे नुसत्या ‘फिट’ या शेऱ्याचा त्यांना फारसा उपयोग नाही. त्यांना हवे असतात आकडे आणि तारखा.

ते कशासाठी, हे कळायला आधी विमानातली हवा समजून घेऊ. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी असतो तेवढा असतो. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे खिडकीजवळच्या सीटवर मऊ ब्लँकेट पांघरून बसलेले आजोबा प्रत्यक्षात कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेले असतात, आणि मुंबईहून अमेरिकेची थेट फ्लाइट असेल तर पंधरा-सोळा तास तिथेच असतात.

या उंचीवर दोन गोष्टी घडतात. पहिली ऑक्सिजनची. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्केच राहतं, पण दाब उतरल्यामुळे २४०० मीटरला प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन जमिनीवर १५ टक्क्यांची हवा घेतल्यासारखा होतो. धडधाकट माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९७-९८ ऐवजी ९०-९४ दिसेल, आणि त्याला काही जाणवणारही नाही. पण ज्याचं घरीच ९१-९२ असतं, त्याची गोष्ट वेगळी. रक्तातली ऑक्सिजनची पातळी आधी सावकाश उतरते आणि नव्वदीच्या खाली गेली की भराभर कोसळते. जुना दमा किंवा सीओपीडी, कमजोर हृदय, खूप उतरलेलं हिमोग्लोबिन अशा सगळ्यांच्या बाबतीत मुख्य काळजी हीच. शंका असेल तर छातीचे डॉक्टर जमिनीवरच पेशंटला वीसेक मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा देऊन पाहतात. चाचणी साधी आहे, पण सगळीकडे होत नाही.

दुसरी गोष्ट वायू फुगण्याची. दाब कमी झाला की बंद पोकळीत अडकलेली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आतड्यातला वायू ताज्या टाक्यांवर ताण आणतो. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, म्हणजे न्यूमोथोरॅक्स असेल, तर ती पूर्ण जिरून वर काही दिवस जाईपर्यंत विमानाचं नावही काढू नये. ताज्या प्लास्टरखालीही हवा अडकते. म्हणून पहिल्या ४८ तासांत प्रवास टाळता येत नसेल तर प्लास्टर उभं चिरून घेतात.

या यादीत सगळ्यात फसवी आहे डोळ्याची शस्त्रक्रिया. मोतीबिंदूची भीती नाही, पण पडदा सरकल्यावर तो जागेवर बसवण्यासाठी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. कोणता वायू वापरला त्यावर तो दोन आठवड्यांत जिरेल की सहा ते आठ आठवड्यांत, हे ठरतं. तो असताना उड्डाण केलं तर डोळ्यातला दाब इतका चढू शकतो की पडद्याचा रक्तपुरवठा थांबून दृष्टी कायमची जाते. पेशंट बाहेरून ठणठणीत दिसतो, चालतो, जेवतो. काउंटरवर कुणाला संशयही येणार नाही. तारीख डोळ्याच्या सर्जनलाच विचारा.

आता कागद. जवळजवळ सगळ्या कंपन्या ‘मेडिफ’ नावाचा फॉर्म वापरतात. त्याचा मूळ नमुना आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा. कंपनीच्या वेबसाइटवर तो मिळतो. एका भागात प्रवाशाची आणि फ्लाइटची माहिती असते, ती घरच्यांनी भरायची. दुसरा भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, आणि खरी गंमत तिथेच आहे. निदान काय, त्रास कधी सुरू झाला, ऑपरेशन कोणत्या तारखेला झालं, हिमोग्लोबिन किती, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन किती, आजार संसर्गजन्य आहे का, सीट सरळ करून बसता येतं का, स्वतःच्या हाताने जेवता येतं का, एकट्याने टॉयलेटला जाता येतं का. शिवाय एक प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो: पेशंट नेहमीच्या चालीने १०० मीटर चालू शकतो का, किंवा दहा-बारा पायऱ्या त्रास न होता चढू शकतो का? हृदय आणि फुप्फुस दोन्ही त्या पायऱ्यांवर उघडे पडतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरच्या जिन्यावर हे जरूर करून पाहावं, अर्थात डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली नसेल तर.

एकट्याने टॉयलेटला जाण्याच्या प्रश्नावर घरचे लोक हमखास सारवासारव करतात. ‘जातील हो ते’ असं म्हणून टिक करून टाकतात. केबिन क्रू जेवण वाढतो आणि प्रथमोपचार देतो, पण जेवण भरवणं, इंजेक्शन देणं, टॉयलेटमध्ये धरणं हे त्यांचं काम नाही. तिथे खरं उत्तर दिलं तर कंपनी सोबत माणूस, क्वचित नर्स किंवा डॉक्टर न्यायला सांगते, आणि ते रास्तच आहे.

फॉर्म साधारणपणे फ्लाइटच्या ४८ ते ७२ तास आधी द्यावा लागतो. फार आधी देऊनही उपयोग नसतो, कारण महिन्यापूर्वीचं सॅच्युरेशन आजचं सांगत नाही. परवानगी त्या फ्लाइटपुरतीच असते. तारीख बदलली तर पुन्हा विचारावं लागतं. मध्ये विमान बदलून दुसऱ्या कंपनीने जायचं असेल तर दोघींची वेगवेगळी परवानगी लागते. तिकीट एकीचं आणि विमान दुसरीचं असेल तर प्रत्यक्ष उडवणारी कंपनी ठरवते.

ऑक्सिजन लागणार असेल तर घरचा सिलिंडर उचलून चालत नाही, तो धोकादायक मालात मोडतो. काही कंपन्या आधी सांगितल्यास पैसे घेऊन ऑक्सिजन पुरवतात. बऱ्याच कंपन्या मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर नेऊ देतात. पण त्याच्या बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरतील एवढ्या हव्यात आणि त्या हातातल्या सामानात हव्यात. विमानातल्या प्लगवर भिस्त ठेवू नका. स्ट्रेचर असेल तर इकॉनॉमीच्या अनेक सीटा मुडपून त्यावर तो बसवतात आणि त्या सगळ्या सीटांचं भाडं द्यावं लागतं. प्रत्येक विमानात ती सोयही नसते.

गरोदरपणात बहुतेकदा एवढं लांबलचक काही नसतं. एकच बाळ असेल आणि सगळं सुरळीत असेल तर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, जुळी असतील तर बत्तिसाव्यापर्यंत, ही सर्वसाधारण मर्यादा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर अनेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. आठवडे परतीच्या तारखेपर्यंत मोजायचे, हे मात्र विसरलं जातं.

ज्यांना यातलं काहीच लागत नाही अशांची संख्या खरं तर खूप मोठी आहे. गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर हवी, एवढ्यासाठी मेडिफ भरायची गरज नाही. नुसती व्हीलचेअर बुकिंगच्या वेळी किंवा निदान ४८ तास आधी सांगितली की झालं. दिव्यांग प्रवाशांबाबतही भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम स्पष्ट आहेत: केवळ अपंगत्व आहे म्हणून वैद्यकीय परवानगी मागता येत नाही. उड्डाणामुळे तब्येत बिघडण्याची शक्यता असेल, आजार संसर्गजन्य असेल किंवा विमानात वैद्यकीय मदत लागणार असेल, तेव्हाच ती मागता येते. २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, त्यावरून देशभर संताप उसळला. त्यानंतर नियमात भर पडली. प्रवाशाची तब्येत वाटेत बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर विमानतळावरच्या डॉक्टरांनी त्याला प्रत्यक्ष तपासायचं आणि तो प्रवास करू शकतो का हे स्पष्ट सांगायचं. त्या मतानंतरच कंपनीने ठरवायचं. नकार दिला तर त्याचं कारण लेखी द्यायचं. काउंटरवर तोंडी ‘नाही’ ऐकून घरी परतू नका, ते कारण कागदावर मागून घ्या.