घरचें खणकाम आणि यंत्राचा हात

घर बांधावयाचें म्हटलें कीं पहिला घाव जमिनीवर पडतो. पाया, पाण्याची टांकी, शोषखड्डा, नळाची चरी, ह्यांपैकीं कोणतेंहि काम खणल्यावांचून होत नाहीं. पूर्वीं तें सारें कुदळ, पहार, फावडें व घमेलें ह्यांवर चाले. विहिरी खणण्यांत व दगड फोडण्यांत वडार समाजाचा हातखंडा असे. आतां चिखलीस किंवा मेहकरास नवें घर उठूं लागलें म्हणजे प्रथम पिवळें यंत्र दारीं येतें, आणि चार माणसांचें आठवड्याचें काम दुपारपर्यंत उरकून निघून जातें.

ह्या यंत्रास लोक सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात. वस्तुतः तीं एका इंग्रज कारखानदाराच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड ह्यानें १९४५ सालीं एका लहानशा जागेंत धंदा मांडला, आणि १९५३ सालीं पुढें माती भरण्याचें सुपडें व मागें खणण्याचा हात असलेलें यंत्र तयार केलें. दिल्लीजवळ बल्लभगड येथें त्याचा कारखाना १९७९ मध्यें निघाला. ‘पोकलेन’ हें नांवहि असेंच एका फ्रेंच कंपनीचें आहे. कंपन्यांचीं नांवें आपल्याकडे यंत्रांचीं नांवें होऊन बसलीं.

यंत्राच्या हाताची रचना माणसाच्या हातासारखीच आहे. खांद्यापासून कोपरापर्यंत एक दांडा, कोपरापासून मनगटापर्यंत दुसरा, आणि शेवटीं पंजाऐवजीं दांतेरी बादली. आपल्या हातांत स्नायु असतात, तर येथें तेलानें भरलेल्या पोलादी नळ्या असतात. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत सांगितलेला नियम येथें राबतो. समजा, पंपानें तेलावर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम दाब आणला आणि नळींतील दट्ट्याचें क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असलें, तर तो दट्ट्या ३,००० किलोग्रॅमचा, म्हणजे तीन टनांचा जोर करील. चालकानें बोटानें दांडी हलवावी आणि जमीन उकरली जावी, ह्याचें मर्म एवढेंच आहे.

ह्याच कुळांतील एक धाकटें यंत्र अमेरिकेंत पुष्कळ गृहस्थ भाड्यानें आणून स्वतःच चालवितात. त्याला दोन चाकें असतात व तें मोटारीच्या मागें जोडून ओढून नेतां येतें. लहानसें एंजिन, तेलाचा पंप, खणणारा हात आणि जमिनीवर टेकविण्याचे दोन पाय, एवढाच त्याचा संसार. स्वतःच्या चाकांवर तें चालत नाहीं. जागा बदलावयाची तर बादली जमिनींत रोवून स्वतःस ढकलून घेतें. वजन अर्ध्या टनाच्या आसपास असल्यामुळें अरुंद बोळांतून परसांत शिरणें त्याला सोपें जातें. आपल्याकडे बहुधा हें काम ट्रॅक्टरला मागें जोडलेला खणण्याचा हात किंवा साखळीपट्ट्यावरचें छोटें यंत्र करतें, आणि तें तासाच्या भाड्यानें चालकासह मिळतें. आयुष्यांत एकदोनदां लागणाऱ्या कामासाठीं हाच मार्ग शहाणपणाचा.

मात्र हलकेपणाचा जो गुण तोच दोषहि होय. बादली कठीण थरांत अडकली म्हणजे जमीन वर येण्याऐवजीं यंत्रच पुढें ओढलें जातें किंवा उचललें जातें. म्हणून टेकूचे पाय सपाट व घट्ट जमिनीवर रोवून घ्यावे, एका वेळीं थोडीच माती उचलावी, आणि भरलेली बादली उताराच्या बाजूस वळवूं नये.

बुलढाणा जिल्ह्यांत तर जमीन ओळखूनच यंत्र निवडलें पाहिजे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांत, मलकापूर, नांदुरा, शेगांव ह्या बाजूस, गाळाची काळी माती खोलवर आहे. दक्षिणेस बुलढाणा, मेहकर, लोणार ह्या पठारावर मातीचा थर पुष्कळ ठिकाणीं पातळ असून त्याखालीं मुरूम व मुरुमाखालीं काळा पाषाण लागतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा तो खडक आहे. मातींत व मऊ मुरुमांत लहान यंत्र उत्तम चालतें. अखंड खडकापुढें मात्र त्याचे दांत झिजतात, काम सरकत नाहीं. तेथें खडक फोडणारें अवजार बसविलेलें मोठें यंत्रच हवें.

काळ्या मातीचा स्वभाव निराळा आहे. ती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसून भेगाळते. तिच्यावरच पाया टेकविला तर भिंतींना तडे जाण्याचें भय असतें. मुरूम हातीं लागत असेल तेथवर खणावें, मुरुमानेंच भरण करावें, आणि पायाचे चर पावसाळ्यांत उघडे ठेवूं नयेत. वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवली तर ती परसबागेस उपयोगी पडते.

खरा धोका वेगळाच आहे. उन्हाळ्यांत काळ्या मातीचा चर भिंतीसारखा ताठ उभा दिसतो. पण आंतल्या भेगांमुळें तोच कांठ कोणतीहि सूचना न देतां ढासळतो. एक घनमीटर मातीचें वजन दीड टनाहून अधिक भरतें. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, तोंड उघडें असलें तरी, श्वास घेऊं शकत नाहीं. कुदळीनें खणणारा मजूर हळूहळू खोल जाई, मातीची कुरकुर त्याच्या कानीं पडे. यंत्र मात्र घटकाभरांत पुरुषभर खोल चर मोकळा करतें, आणि मग तळ साफ करावयास कोणा गरीब मजुराला खालीं उतरविलें जातें. म्हणून दीड मीटरपेक्षां खोल चरांत फळ्यांचा व आडव्या टेकूंचा आधार दिल्याशिवाय, किंवा कांठ उतरते केल्याशिवाय, कोणासहि उतरवूं नये. काढलेली माती कांठापासून निदान दीड मीटर दूर टाकावी, यंत्रहि अगदीं कडेस उभें करूं नये, आणि बाहेर येण्यासाठीं शिडी ठेवावी. दोन फळ्यांचा खर्च वांचविणारा घरधनी कोणाच्या जिवावर काटकसर करतो, हें त्यानें आधीं मनाशीं विचारावें.

खणण्यापूर्वीं जमिनींत विजेची तार अथवा पाण्याचा नळ आहे काय, ह्याची चौकशी संबंधित कचेरींत करावी. जवळ पोंचल्यावर यंत्र थांबवून हातानें खणावें. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर तरी दूर असावा. भेगाळ खडक असेल तर अंतर अधिकच ठेवावें. निव्वळ चिकण काळ्या मातींत तो पाणी शोषीत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

ह्याच जिल्ह्यानें यंत्रबळाचें मोठें रूपहि पाहिलें आहे. २०१८ सालीं भारतीय जैन संघटनेनें तलावांतील गाळ काढण्यासाठीं १३४ यंत्रें बुलढाण्यांत आणलीं, आणि वर आलेला गाळ शेतकऱ्यांनीं आपल्या खर्चानें वाहून शेतांत पसरला. यंत्रानें उपसावें, माणसानें तें कोठें न्यावें हें ठरवावें, अशी ती वांटणी होती. परसांतील चारहातीं खड्ड्यालाहि हाच न्याय लागू आहे. पोलादी हाताला जोर आहे, पण स्पर्श नाहीं. कोठें थांबावयाचें हें शेवटीं मालकानेंच ठरवावयाचें असतें, आणि तें यंत्र दारांत येण्यापूर्वींच ठरलेलें असावें.