स्मृतीचे स्थान आणि त्याची घडण

पाठ झालेली गोष्ट मराठीत ‘डोक्यात बसते’. बसावयाचे तर जागा हवी, हे भाषेने आधीच गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल लॅश्ली (१८९०–१९५८) यांनी या जागेच्या शोधात कित्येक वर्षे वेचली. उंदरांना भूलभुलैयातील वाट शिकवावी, मेंदूच्या बाह्यपटलाचा कधी हा तर कधी तो भाग छेदावा, आणि कोणत्या छेदाने शिकलेली वाट पुसली जाते ते पाहावे, अशी त्यांची पद्धती होती. विस्मरण छेदाच्या विस्ताराबरोबर वाढे. छेदाच्या जागेशी त्याचा संबंध आढळेना. स्मृतीचा ठसा अमुक ठिकाणी असतो असे सांगता येत नाही, हे त्यांनी १९५० साली स्पष्टपणे लिहिले. अपयशाचा हिशेब इतक्या निःसंकोचपणे मांडणारे संशोधक विरळाच.

पुढे १९५७ साली स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढला गेला होता. बालपणीचे त्याला स्मरत असे. नवे प्रसंग मात्र स्मरणात टिकत नसत. अशा रीतीने, समुद्री घोड्याच्या ग्रीक नावाने ओळखला जाणारा हा अवयव स्मृतिविचाराच्या केंद्रस्थानी आला.

तो अवयव गर्भाच्या मेंदूत नेमका तेथेच का घडतो, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांनी हाती घेतला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदवी, कॅलिफोर्नियात डॉक्टरेट आणि शिकागोत पुढील संशोधन करून त्या १९९९ मध्ये या संस्थेत आल्या. त्यांचे प्रयोगप्राणीही उंदीरच, पण लहान जातीचे.

वाढत्या बाह्यपटलाच्या कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. वस्त्राच्या दुमडलेल्या काठाचा इंग्रजी शब्द घेऊन तिला ‘हेम’ म्हणतात. तिच्याकडून येणारा रासायनिक संदेश नसेल तर हिप्पोकॅम्पस घडत नाही, एवढे ज्ञात होते. परंतु ‘नसेल तर होत नाही’ आणि ‘असेल तर होतेच’ ही विधाने तर्कदृष्ट्या भिन्न होत. दुसऱ्याचा पुरावा विशाखा मंगळे, टोळे व सहकाऱ्यांनी २००८ साली दिला. ‘एलएचएक्स-२’ हे जनुक काही पेशींत आहे व काहींत नाही, असे मिश्र गर्भ त्यांनी तपासले. जनुकरहित पेशींच्या ठिपक्यांतून हेम तयार झाले, आणि त्या प्रत्येकाच्या शेजारच्या निरोगी पेशी हिप्पोकॅम्पसच्या घडणीकडे वळल्या. एकाच मेंदूत अनेक हिप्पोकॅम्पस! असा उंदीर अधिक स्मरणशील होईल, असा तर्क मात्र कोणी करू नये. हा प्रयोग गर्भातील घडणीचा होता, स्मरणाचा नव्हे.

या निर्णयाला काळाची मर्यादाही आहे. गर्भाच्या साधारण साडेदहाव्या दिवसानंतर तेच जनुक काढून टाकले, तर बाह्यपटलाच्या पेशी हेममध्ये पालटत नाहीत. लॅश्लींनी ज्या पटलावर छेद घेतले, त्याची विभागणी उंदीर भूलभुलैयात उतरण्यापूर्वीच, किंबहुना जन्मापूर्वी, सुरू झालेली होती.